वेचूरची गाय आणि आपल्या गांवचा वळू

या आठवड्याच्या पाठास आम्ही जो विषय घेतला आहे तो पाहून कित्येक वाचक बंधुभगिनींस नवल वाटेल. वाचनवर्गांत गाईगुरांचें काय काम, असें कोणी म्हणेल. परंतु ज्यांची पहांट शेणगोठ्यानें सुरू होते व ज्यांच्या मुलांच्या वह्यापुस्तकांचे पैसे दुधाच्या चरवींतून निघतात अशाच मंडळींसाठीं हें पत्र निघतें. तेव्हां गोठ्यांतील गोष्ट येथें परकी नाहीं. शिवाय ही गोष्ट नुसती गाईची नव्हे. एखादी चांगली वस्तु सर्वांच्या डोळ्यांदेखत, कोणाचा वाईट हेतु नसतांही, कशी नाहींशी होते, आणि ती परत उभी करावयाची तर काय सायास पडतात, याचा हा हिशेब आहे. हिशेबांतील आंकडे आपल्याही गांवास लागू पडतात, म्हणून ते आम्ही पुढें मुद्दाम फोड करून दिले आहेत. वर्ग चालविणाऱ्या बंधूंनीं ते फळ्यावर मांडून दाखवावेत.

केरळांत कोट्टयम् जिल्ह्यामध्यें वैकोम् म्हणून तालुक्याचें गांव आहे. हें नांव १९२४-२५ सालच्या मंदिररस्त्याच्या सत्याग्रहामुळें पुष्कळांनीं ऐकलें असेल. त्याच्या जवळच, वेंबनाड सरोवराच्या पूर्व कांठीं, वेचूर हें खेडें आहे. भोंवतालचा मुलूख सखल व पाण्याचा. जिकडे पाहावें तिकडे भातखाचरें आणि नारळी. अशा प्रदेशांत गुरांस चरावयास माळरान कोठून असणार? घरामागील गवत, भाताचा पेंढा, स्वयंपाकघरांतून उरलेलें सुरलेलें, इतक्यावर जी गाय राहील तीच तेथें टिकावयाची. तशी गाय तेथें पिढ्यान्‌पिढ्या होती. तिची उंची सुमारें ९० सेंटिमीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेइतकी. वजन १३० किलोच्या आसपास. दूध दिवसास दोन ते तीन लिटर. आपल्याकडील एखादी कालवड तिच्याशेजारीं उभी केली तर कालवडच थोर दिसेल. ही वेचूर गाय. जगांतील अगदीं लहान चणीच्या गोजातींत तिची गणना होते. २०१४ सालीं केरळांतील अशाच एका गाईची उंची ६१.१ सेंटिमीटर भरली व सर्वांत ठेंगणी गाय म्हणून तिची गिनीज पुस्तकांत नोंद झाली. अर्थात् तो एका जनावराचा विक्रम होता, जातीचें माप नव्हे.

आतां ही गाय नाहींशी कां होऊं लागली तें पाहूं. तिला रोगानें मारिलें नाहीं, दुष्काळानेंही नाहीं. १९६१ सालीं केरळ सरकारनें पशुसुधारणेचा कायदा केला. परवाना नसलेला वळू पैदाशीसाठीं ठेवूं नये, तो खच्ची करावा, असा त्याचा आशय होता. पुढें १९६३ सालीं स्वित्झर्लंड देशाच्या साहाय्यानें माट्टुपेट्टी येथें मोठी योजना सुरू झाली. तिकडील ब्राऊन स्विस जातीचे वळू आले, आणि गांवोगांवच्या गाईंस कृत्रिम रेतनानें संकरित वासरें होऊं लागलीं. हेतु काय होता? गरिबाच्या मुलास दूध मिळावें हा. आणि तें मिळालें, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. संकरित गाईच्या दुधावर ज्यांची घरें उभीं राहिलीं त्यांची चेष्टा करणारा हा लेख नव्हे. आमच्या आपल्या मंडळींतील कित्येक विधवांचा संसार जर्सीच्या धारेवर चालला आहे हें आम्हांस ठाऊक आहे.

(अशा तऱ्हेचा कायदा फक्त केरळांतच झाला असें कोणी समजूं नये. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यांत पशुसुधारणेचा कायदा १९३३ सालींच झाला होता, व नापसंत वळू खच्ची करण्याची तरतूद त्यांतही होती.)

परंतु वळू गेला कीं काय होतें याचा विचार त्या काळीं थोड्यांनींच केला. गाय कितीही शुद्ध असो, तिच्या जातीचा वळू नसेल तर तिची कालवड अर्धीच तिच्या रक्ताची. त्या कालवडीस पुन्हा परक्या जातीचेंच वीर्य दिलें कीं तिची कालवड पाव हिश्श्याची. चौथ्या पिढीस उरतो सोळावा हिस्सा. गाईची एक पिढी म्हणजे चारपांच वर्षें धरा; म्हणजे चार पिढ्यांस वीस वर्षें पुरतात. ज्या मुलानें लहानपणीं आजीबरोबर वेचूर गाईची धार काढली, त्यास मूल होईपर्यंत गोठ्यांत तिचें नांवही उरूं नये, असा हा हिशेब आहे. कोणीं एकीही गाय मारली नाहीं, आणि जात मात्र मेली! गाय दिसत राहते, दावें तेंच, गोठा तोच, म्हणून घरच्या माणसांच्या लक्षांत येत नाहीं. हीच यांतील मोठी फसगत आहे.

१९८९ साल उजाडलें तेव्हां वेचूर गाय नामशेष झाली असें पुष्कळ जाणते लोकही म्हणत असत. त्या वेळीं त्रिचूरजवळ मण्णुत्ति येथें केरळ कृषि विद्यापीठाचें पशुवैद्यक महाविद्यालय होतें. तेथें सोसम्मा ऐप या पशुपैदास शास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. सोसम्माबाईंनीं आपल्या कांहीं विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन या गाईचा शोध आरंभिला. वैकोमच्या आसपासचीं खेडीं त्यांनीं धुंडाळलीं. म्हाताऱ्याकोताऱ्यांस विचारावें, कोणाच्या परसांत लहानशी गाय बांधली आहे असें कळलें कीं तिकडे जावें, पाहावें, मोजावें, आणि बहुधा निराश होऊन परतावें, असें चाललें. अखेर चुकूनमाकून राहिलेलीं थोडीं जनावरें मिळालीं. जमलेल्या जनावरांची संख्या दोन डझनांच्या आसपास होती; तेवढ्यांवरच विद्यापीठानें संवर्धनाचें केंद्र सुरू केलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तीं जनावरें शिल्लक राहिलीं तीं कोणा संस्थानिकाच्या अश्वशाळा-गोशाळांत नव्हे, तर ज्यांनीं सुधारणेचा लाभ घेतला नाहीं अशांच्या परसांत. कोणास संकरित गाईचा खुराक परवडत नव्हता, कोणाचें घर दवाखान्यापासून लांब होतें, कोणी नुसताच हट्टी होता. अधिकारी लोक ज्यांस मागासलेले म्हणत त्यांच्याच दावणीस ठेव सांपडली. उपदेशक बंधूंनो, खेड्यांतील माणसाच्या हट्टास लागलीच अडाणीपणा म्हणूं नये, असें आम्हांस यावरून वाटतें. कधीं कधीं त्या हट्टांत हिशेब असतो.

पुढील वाट सोपी नव्हती. संकरित गाय हीच प्रगति असें मानणाऱ्यांस हा उलटा उद्योग वाटला, व विरोध झाला. १९९८ सालीं तर असा बोभाटा झाला कीं परदेशांतील एका संस्थेनें या गाईच्या गुणबीजांचें पेटंट घेतलें आहे. चौकशीअंतीं त्या आरोपांत तथ्य आढळलें नाहीं. परंतु काम करणाऱ्यांचें मन व वेळ अशा गोष्टींत किती खर्च होतो हें ज्यांनीं कोणतेंही सार्वजनिक काम केलें आहे त्यांस सांगावयास नको. त्याच वर्षीं वेचूर संवर्धनासाठीं एक विश्वस्त संस्था स्थापन झाली, आणि गाई विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर, पाळणाऱ्यांच्या घरीं जाऊं लागल्या. हें फार महत्त्वाचें झालें. सरकारी गोठ्यांतील कळप एका सांथीनें किंवा एका हुकुमानें संपूं शकतो; शंभर घरच्या शंभर गाई तशा संपत नाहींत. २००० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें जगांतील धोक्यांतल्या पशुजातींची यादी छापली, तींत वेचूर गाय अतिसंकटांतील, पण जतन चालू असलेली, अशा वर्गांत आली. २०२२ सालीं सोसम्माबाईंस भारत सरकारनें पद्मश्री दिली.

आतां फळ्यावरचा हिशेब. पुष्कळ लोक समजतात कीं गाई जमविल्या म्हणजे जात वांचली. तसें नाहीं. शास्त्रज्ञ जनावरांची नुसती शिरगणति करीत नाहींत. रक्ताच्या दृष्टीनें तीं किती जनावरांएवढीं आहेत तें काढतात. रीत अशी : नरांची संख्या व माद्यांची संख्या यांचा गुणाकार करावा, त्यास ४ नें गुणावें, आणि नर व मादी यांच्या बेरजेनें भागावें. एका गांवांत ४० गाई व १ वळू आहे असें धरा. चाळीस एके चाळीस, चोक एकशेंसाठ, भागिले एकेचाळीस. उत्तर चाराहून किंचित् कमी. म्हणजे डोळ्यांस एकेचाळीस जनावरें दिसतात, परंतु रक्ताचा विचार केला तर तो चारच जनावरांचा कळप! बरें, गाई चाळीसांच्या चारशें केल्या तर? सोळाशें भागिले चारशेंएक. उत्तर पुन्हा चाराच्या आंतच. गाई दसपट झाल्या आणि लाभ शून्य. आतां गाई चाळीसच राहूं द्या, व वळू चार करा : सहाशेंचाळीस भागिले चव्वेचाळीस, म्हणजे साडेचौदा. वळू दहा केले तर बत्तीस. गाई वाढविण्यापेक्षां वेगवेगळ्या घरचे वळू राखणें किती मोलाचें, हें या चार ओळींवरून कोणासही कळेल.

रक्त चाराचेंच असेल तर दर पिढीस जवळचा संबंध सुमारें एक अष्टमांश वाढत जातो. एका बापाच्या पण निराळ्या आयांच्या भावंडांत संबंध झाल्यास संततींत जितकें साधर्म्य येतें तितकें हें होय. त्याचें फळ गाई न फळणें, वासरें अशक्त निपजणें, दूध आटणें, असें दिसूं लागतें, आणि मालक म्हणतो, आमची जातच हलकी. जातीचा त्यांत दोष नसतो. हाच आंकडा पन्नासावर नेला तर ती वाढ दर पिढीस शेंकडा एकावर येते. म्हणूनच पन्नास ही पुष्कळ ठिकाणीं कमींत कमी मर्यादा मानिली आहे.

वेचूरच्या लोकांस याच अडचणीशीं झुंजावें लागलें. मूठभर जनावरांपासून आरंभ; तेव्हां कोणत्या वळूची कोणती लेक, ही वंशावळ लिहून ठेवल्याखेरीज पाऊल टाकतां येईना. याच कामीं गोठविलेल्या वीर्याचा उपयोग होतो. वीर्यांत ग्लिसरीन घालून तें गोठविलें तर जिवंत राहतें, हा शोध इंग्लंडांत १९४९ सालीं लागला. आज बारीक नळ्यांत भरून उणें १९६ अंश उष्णतामानाच्या द्रवरूप नत्रवायूंत तें वर्षानुवर्षें टिकवितात. हरियाणांत कर्नाल येथें राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था आहे, तिच्या भांडारांत देशांतील अनेक जातींचें वीर्य असें जपून ठेविलें आहे. ज्या कृत्रिम रेतनानें वेचूर गाय घालविली तेंच आतां तिला वांचविण्यास मदत करतें. दोष नळीचा नव्हता; नळींत काय भरलें त्याचा होता.

अशी गाय ठेवून लाभ काय, हा प्रश्न टाळून चालणार नाहीं. जनावर आपल्या वजनाच्या शेंकडा अडीच ते तीन भाग कोरडी वैरण खातें. म्हणजे १३० किलोच्या गाईस साडेतीन किलोच्या आसपास पुरे, आणि ४०० किलोच्या संकरित गाईस दहाबारा किलो हवी. संकरित गाय दहा लिटर देईल, वेचूर अडीच. वैरणीच्या किलोमागें पाहिलें तर संकरित गाय थोडी सरसच ठरते. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु तिच्या दहा लिटरांसाठीं पेंड रोखीनें आणावी लागते, उन्हाळ्यांत तिला धाप लागते, दगडी झाली कीं डॉक्टर बोलवावा लागतो, आणि दुधाचा भाव उतरला कीं देणें अंगावर राहतें. लहान गाय रोख पैसा मागत नाहीं. कासेचा दाह वेचूर गाईस क्वचितच होतो, असा तेथील अनुभव आहे. म्हणून ज्यास दूध विकावयाचें आहे त्याचा हिशेब एक, आणि ज्यास घरच्या तीन मुलांस पेलाभर दूध द्यावयाचें आहे त्याचा दुसरा. दोघांस एकच गाय सांगणारा सल्लागार आम्हांस तरी शहाणा वाटत नाहीं. आणखी एक : लहान चणीच्या गाईस थोराड जातीचें वीर्य दिलें तर वासरूं अडून गाय व वासरूं दोन्हीं जाण्याचें भय असतें. ज्या घरीं एकच गाय, त्या घरीं हें म्हणजे सर्वस्व जाणें होय.

मात्र हल्लीं देशी गाईच्या नांवानें जीं स्तोत्रें चाललीं आहेत त्यांपासून वाचकांनीं सावध असावें. देशी गाईचें दूध अमक्या प्रकारचें, त्यानें मधुमेह व हृद्रोग होत नाहीं, म्हणून तें चौपट भावानें घ्यावें, असें सांगणारे पुष्कळ आहेत. युरोपांतील अन्नसुरक्षा संस्थेनें २००९ सालीं या विषयावरील प्रमाणें तपासलीं. दुधाच्या त्या प्रकारांचा व या रोगांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला तिला आढळला नाहीं. गाय राखावयास खोटें बोलण्याची गरज नाहीं. तसेंच केरळांत वेचूर गाईस मागणी वाढल्यावर कोणतीही ठेंगणी गाय वेचूर म्हणून विकणारेही निघाले. उपाशी वाढलेली खुजी गाय आणि लहान जातीची गाय यांत मोठें अंतर आहे. उंची पट्टीनें मोजतां येते, वंश कागदावांचून कळत नाहीं.

आपल्या मुलखाकडे वळूं. इगतपुरी व अकोले या बाजूस डांगी गुरें आहेत. त्यांच्या कातडींतून तेलकट अंश पाझरतो, म्हणून सह्याद्रीचा मुसळधार पाऊस त्यांच्या अंगावरून वाहून जातो, व त्यांचे काळे टणक खूर चिखलखाचरांत झिजत नाहींत. उदगीरकडे देवणी, तिचे वानेरा, बाळंक्या व शेवरा हे तीन प्रकार, कंधारकडे लाल कंधारी, वर्ध्याकडे गवळाऊ. कृष्णाकांठची खोंडें तर दक्षिणेकडील संस्थानिकांनीं गेल्याच्या गेल्या शतकांत काळ्या चिकट जमिनीसाठीं मुद्दाम पैदा केलीं. ती जात आज फारच विरळ झाली आहे. २०१९ सालच्या पशुगणनेंत देशांत सुमारें १९ कोटी २५ लाख गाईबैल भरले. त्यांत संकरित व विदेशी वाढले, आणि देशी व गांवठी मागील गणनेहून शेंकडा सहांनीं घटले.

आपल्याकडे या घटीस आणखी एक कारण आहे, तें म्हणजे ट्रॅक्टर. या जाती मुख्यतः बैलासाठीं राखल्या जात. नांगर व मोट गेली, गाडी गेली, मग गोऱ्ह्यास कोण विचारतो? खिल्लार तेवढा शर्यतींमुळें भाव खाऊन आहे. २०१४ सालीं बंद झालेल्या शर्यतींस २०२१ च्या अखेरीस सशर्त मोकळीक मिळाली व २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. शर्यतींत पैजा लागतात व मुक्या प्राण्यास पराणी टोंचतात, तें आम्हांस मुळींच पसंत नाहीं; परंतु तिच्यामुळें खिल्लार गोऱ्हा दावणीस राहिला, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं.

डोंगराकडील एका मंडळीस भेट देण्यास आम्ही गेलों असतां एका वृद्ध बंधूंच्या दारीं डांगी वळू पाहिला. चार गांवांच्या गाई त्याच्याकडे येत. आम्हीं त्याची वाखाणणी केली. ते म्हणाले, “गाई येतात महाराज, पण वैरण कोणी आणीत नाहीं. पोराचं म्हणणं, औंदा ह्याला ठेचून विकून टाकूं.” यावर आम्हांस त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं, कारण त्यांचा मुलगा चुकीचें बोलत नव्हता. वळू सर्वांचा आणि खर्च एकाचा, ही रीत टिकणारी नव्हे. पूर्वीं देवास सोडलेला पोळ साऱ्या गांवच्या शेतांत तोंड घालीत असे, व तीच त्याची गांववर्गणी होती. आतां शेतांस कुंपणें आलीं, आणि ती वर्गणी बंद पडली.

तेव्हां ज्या मंडळींत देशी गुरें असतील तेथील पंचांनीं एवढें करून पाहावें. गाय वळूकडे नेणाऱ्या प्रत्येक घरानें वैरणीची पेंढी अथवा ठरेल ती रक्कम आधीं द्यावी. फुकट भरवून घेऊं नये. तोच वळू स्वतःच्या लेकींवर येण्यापूर्वीं, म्हणजे तीन वर्षांच्या आंत, दूरच्या गांवच्या वळूशीं त्याची अदलाबदल करावी. यांत पैसाही लागत नाहीं. गोऱ्हे ठेचण्याची वेळ येते तेव्हां सर्वांत चांगला गोऱ्हा बैल करावयाचा मोह असतो, तो आवरून चांगल्यांपैकीं एकदोन राखावेत. ज्या बंधूंस लिहितां येतें त्यांनीं एक वही करावी : गाईची खूण, वळू कोणता, वेत कितवें, वासरूं नर कीं मादी. आणि सरकारी माणूस कानांत बारा आंकडी पिवळा बिल्ला मारावयास येईल तेव्हां घरच्या कोणीतरी जवळ उभें राहावें. तो जातीच्या रकान्यांत घाईनें “गांवठी” असें लिहून मोकळा होतो. जनावर डांगी असेल तर डांगी, देवणी असेल तर देवणी, असें त्याच्याकडून लिहवून घ्यावें. आणि त्यास शंका आली तर त्याला त्याची आई व तिचा वळू दाखवावा, किंवा वही पुढें करावी.